शाफई दुरुस्ती

माझ्या बाबांनी भर दुपारी, भरतीच्या पाण्यात, ‘नूरजहाज’ ही लाँच धक्क्याला न लावता सरळ तिवरांच्या चिखलात नेऊन घुसवली. लाँचमध्ये बारावीच्या परीक्षेला निघालेल्या चार मुली, एक शाळामास्तरीण, एक नवाकोरा फ्रिज आणि अंड्यांचे क्रेट होते.

असं काहीही घडलेलं नाही. तपासणीला आलेल्या निरीक्षकांना विचारा, ते सांगतील की त्या दिवशी लाँच वेळेवर गेली आणि वेळेवर आली. फ्रिजच्या मालकाला विचारा, तो सांगेल की चिखल दुकानातूनच लागून आला होता. तेव्हा आपणही सभ्य माणसांसारखं ते घडलंच नाही असं धरून चालू आणि सुरुवात गालिच्यापासून करू.

मी मुबश्शिर दाऊद मुकादम. गाव कुरणखोल, वाशिष्ठीच्या खाडीवर. माझ्या वयाची गावातली सगळी पोरं आखातात आहेत. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आणि गावातच राहिलो, त्यामुळे लोकांना बराच काळ वाटत होतं की माझ्या पासपोर्टमध्ये काहीतरी गडबड आहे. मग तोल प्रकल्प आला आणि मला नोकरी लागली. हुद्दा: क्षेत्र सहायक. क्षेत्र म्हणजे आमची मशीद. सहायक म्हणजे वायर ओढणारा.

त्याच सुमारास नवा कायदा झाला होता. साठीच्या पुढच्या माणसाला बस, ट्रक, बोट, काहीही चालवायचं असेल तर ‘तोल दाखला’ लागणार. माझे बाबा, दाऊद मुकादम, लाँच हाकतात म्हणून गावाचे दाऊद तांडेल, साठी ओलांडून बसले होते आणि खाडीवरची एकुलती एक लाँच त्यांच्या हातात होती. पलीकडे शाळा, दवाखाना, बाजार. अलीकडे आम्ही. दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी जाऊन पट्टीवर चालून दाखवायचं, नाहीतर ज्या प्रार्थनास्थळात प्रकल्पाचा गालिचा अंथरलाय तिथं रोजच्यासारखी नमाज पढायची, दाखला आपोआप येतो. कुरणखोलनं एकमतानं दुसरा पर्याय निवडला. आमच्या गावात एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी ईदच्या चंद्रावरूनही झालं नव्हतं.

प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. सुनेत्रा घाणेकर. मेंदूच्या डॉक्टर. मशिदीच्या आवारात, चपलांच्या रॅकशेजारी खुर्ची टाकून त्यांनी गावाला समजावलं.

“कंपवात म्हटलं की तुम्हाला थरथरणारा हात आठवतो. हात थरथरायला लागतो तोवर मेंदूतल्या त्या विशिष्ट पेशी निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. त्याच्या आधी काही वर्षं माणूस फक्त जरासा हळू होतो. उठताना क्षणभर अडकतो, वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. हे त्याला कळत नाही, घरच्यांना कळत नाही, आणि दवाखान्यात तर मुळीच कळत नाही, कारण डॉक्टरसमोर प्रत्येकजण छाती काढून चालतो. मला असा माणूस हवा जो तीच हालचाल, त्याच क्रमानं, रोज, वर्षानुवर्षं करतो आणि ती करताना डॉक्टरचा विचार करत नाही.”

“नमाजीत आम्ही डॉक्टर सोडून सगळ्यांचा विचार करतो,” कासमचाचा फकी म्हणाले. “दुकानाचा, जावयाचा, भावाने ढापलेल्या वरकस जमिनीचा. अल्ला माफ करे.”

कासमचाचा हे बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. लाँचवर तिकिटं तेच फाडतात आणि मशिदीत पहिल्या सफेत, म्हणजे पहिल्या रांगेत, बाबांच्या उजव्या खांद्याला खांदा लावून तेच उभे राहतात. त्यांची ती जागा इतकी पक्की की तिथला गालिचा त्यांच्या पायांच्या आकाराचा झिजला आहे.

घाणेकर मॅडम हसल्या. म्हणाल्या, “चालेल. शरीर त्याचं काम करत असतं.” मग त्यांनी सांगितलं की आधीच्या मशिदींमध्ये त्यांना काय दिसलं. जी माणसं म्हातारपणीही दिवसातून अनेकदा कपाळ जमिनीला टेकवून, कशालाही न धरता पुन्हा उभी राहतात, त्यांच्या मांड्या आणि घोटे शाबूत राहतात, ती कमी पडतात. सजद्यात, म्हणजे कपाळ टेकलेलं असताना, श्वास संथ होतो. शिवाय दिवसातून पाच वेळा चार माणसं भेटतात, आणि एकटेपणासारखं शरीराला पोखरणारं दुसरं काही नाही. “हा चमत्कार नाही,” त्या बोट उभारून म्हणाल्या. “व्यायाम, सवय आणि सोबत. तिन्ही एकत्र मिळणं दुर्मीळ, इतकंच.”

संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर मेसेज फिरला: ‘सायन्सने हात टेकले.’ बोट उभारलेला फोटो त्यांचाच होता.

गालिचा दिसायला साधा. हिरवा, मखमली, कडेला सोनेरी पट्टा. त्याच्या पोटात केसांएवढ्या तारांची जाळी. कुणाच्या टाचेवर किती भार, चवड्यावर किती, डावीकडे झुकतोय की उजवीकडे, कपाळ उचलल्यापासून पाय सरळ होईपर्यंत किती वेळ गेला, एवढंच त्याला कळायचं. कोण काय मागतोय, कुणाला रडू येतंय, यातलं काही नाही. तो प्रत्येकाची तुलना त्याच्याच कालच्याशी करायचा आणि शेजारी उभ्या असलेल्यांशी करायचा. फार साधा, प्रामाणिक गालिचा होता. फसवायला एकदम सोपा.

पहिल्याच आठवड्यात त्यानं आख्ख्या कुरणखोलला कंपवात झाल्याचं जाहीर केलं.

कारण असं. गालिच्याचं शिक्षण घाटावरच्या मशिदींमध्ये झालं होतं. तिथले लोक हनफी पद्धतीनं नमाज पढतात. आम्ही कोकणातले मुसलमान शाफई. नमाज तीच, दिशा तीच, शब्द तेच, पण काही बारीक फरक आहेत. त्यातला एक कुनूत. पहाटेच्या, म्हणजे फजरच्या नमाजीत दुसऱ्यांदा वाकून सरळ झालं की आम्ही लगेच खाली जात नाही. तसेच उभे राहतो, हात उचलतो, इमामसाहेब दुआ मागतात, आम्ही आमीन म्हणतो. मग सजद्यात जातो. घाटावर हे नसतं. त्यामुळे गालिच्याला रोज पहाटे दिसायचं ते असं: आख्खं गाव वाकतं, सरळ होतं आणि एकाएकी गोठतं. हलत नाही. पुष्कळ वेळानं सुटतं. त्यानं शांतपणे सगळ्यांच्या नावापुढे लिहिलं, ‘हालचाल गोठण्याची लक्षणं.’

मग शुक्रवार आला. शुक्रवारी पहाटे आमचे इमामसाहेब कुराणातली एक लांब सूरा पढतात. तिच्या मधोमध एक आयत अशी आहे की ती आली की उभ्याउभ्याच थेट सजद्यात जायचं. आयत आली, सगळे गेले. गालिच्यानं पाहिलं की कुरणखोलचा एकूण एक पुरुष एकाच क्षणी कोसळला.

आम्ही सलाम फिरवून, नमाज संपवून चपला शोधत होतो तेव्हा दारात रुग्णवाहिका उभ्या होत्या. एका तरुण अटेंडंटनं स्ट्रेचर काढलं आणि कासमचाचांनाच विचारलं, “पेशंट कुठंय?”

“कुठला?”

त्यानं हातातल्या फोनकडे पाहिलं. “सगळे.”

“मग दमानं न्या,” कासमचाचा म्हणाले. “आमचा नाश्ता व्हायचाय.”

गाव त्यावर पंधरवडाभर हसलं. मीही हसलो. मी तर जरा जास्तच हसलो, कारण बाबांचं नाव गालिच्यानं दुपारच्या जोहरला, असरला, संध्याकाळच्या मगरिबलाही घेतलं होतं: वाकून सरळ झाल्यावर गोठतात. तिथं कुनूत नसतो. मला वाटलं, एकदा एखाद्यावर डूख धरला की मशीनसुद्धा सोडत नाही.

दुरुस्ती लिहिणं माझ्याकडे आलं. मी धक्क्यावर गेलो. ओहोटी होती, नूरजहाज काठावर कलंडून पडली होती आणि बाबा तिच्या बुडाला लाल रंग देत होते.

“काय रे, तुझी ती चटई आमाला आजारी म्हणते?”

“तिला फजरचा कुनूत कळत नाही, बाबा. नियम लिहून द्यायचाय की वाकून सरळ झाल्यावर थांबलेला माणूस आजारी नाही. शाफई आहे.”

“फकत फजरला?”

“कुनूत फजरलाच असतो ना.”

बाबांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. हात पुसले. ते माझ्याशी बोलताना सहसा हातातलं काम थांबवत नाहीत, म्हणून मी जरा सावरून उभा राहिलो.

“मदरशात काय झोपायला जायचास? रोगराई आली, वादळ आलं, लढाई लागली, कुठली पण मुसीबत आली, तर शाफईत पाचही नमाजींत कुनूत पढतात. कुनूत-ए-नाजिला. त्या टायमाला तुझी चटई परत गाड्या धाडेल. लोकांनी नमाज पढायची का स्ट्रेचर अडवायचे?”

“हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

“पाचही वेळा लाव.” मग जरा थांबून, “तू नियम लिवलास की ती लगेच मानते?”

“लगेच.”

“आणि परत कोन तपासत नाय?”

“मीच तपासतो.”

“हां,” बाबा म्हणाले. “चांगलं काम हाय तुझं.”

मी सांगतो, त्या वाक्याखातर मी हज यात्रेचाही नियम लिहून दिला असता. डिप्लोमाला पहिला वर्ग मिळाला तेव्हा बाबांनी विचारलं होतं, यात पोहायला शिकवतात काय. आज त्यांनी माझ्या कामाबद्दल सलग प्रश्न विचारले होते. मी घरी जाऊन दुरुस्ती लिहिली. नाव दिलं, ‘शाफई दुरुस्ती’.

घाणेकर मॅडमचा फोन आला. “पाचही वेळा? खात्री आहे?”

“नियमच आहे, मॅडम. संकटकाळात.”

“आत्ता काही संकट आहे का तुमच्याकडे?”

“नाही, पण येऊ शकतं.”

“यातलं मला कळत नाही. तुम्ही त्यांच्यातले आहात, तुमच्या शब्दावर जाते. सही करा.”

मी केली. सगळ्या कुरणखोलला दाखले आले. आईनं सांदणं केली, नारळाच्या रसात बुडवून शेजारीपाजारी वाटली. बाबांचा शेरा तर असा होता: ‘वयाच्या मानाने उत्तम स्थैर्य.’ त्यांनी तो फ्रेम करून लाँचच्या केबिनमध्ये लावला. गावात दोष निघाला तो फक्त एका माणसात. माझ्या दाखल्यावर लिहून आलं: ‘हालचालींत रांगेच्या तुलनेत असामान्य घाई. निरीक्षणाखाली ठेवावे.’

लोकांनी तेवढं कारण माझ्यावर पुरवून पुरवून वापरलं. “मुबश्शिर, निरीक्षणाखाली ये, चहा पी.” मीही मनावर घेतलं नाही. मी तसाही शेवटच्या सफेतला माणूस. उशिरा पोचायचं, मागं उभं राहायचं, पहिलं निघायचं. एक गोष्ट मात्र जाणवली होती की इमामसाहेबांचा ‘अल्लाहु अकबर’ हल्ली लांबत चाललाय. पूर्वी तो झटक्यात यायचा. आता सजद्यातून उठवताना ते तो रबरासारखा ताणायचे. मला वाटलं, वयानुसार भक्ती वाढत असेल.

आता जे घडलेलं नाही ते सांगतो.

मी त्या दुपारी लाँचवर होतो. पलीकडच्या मशिदीतही गालिचा अंथरायचा होता. वारा पडलेला, पाणी चढतं, मुली शेवटच्या पानांवर मान घालून बसलेल्या. धक्का जवळ आला. इथं बाबा नेहमी इंजिन मंद करतात आणि चाक डावीकडे घेतात. त्यांनी घेतलं नाही. धक्का आमच्या बाजूनं निघून गेला. धक्क्यावरच्या हमालानं दोरी झेलायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

मी केबिनमध्ये डोकावलो. बाबा चाकावर हात ठेवून ताठ उभे होते. डोळे उघडे, नजर समोर. घाबरलेले नव्हते. वाट बघत असल्यासारखे दिसत होते.

“बाबा!” मी ओरडलो. “बाबा, डावीकडे!”

काही नाही. मला बाजूला सारून कासमचाचा आत शिरले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी बाबांच्या उजव्या खांद्याला आपला खांदा टेकवला आणि इमामसाहेबांच्या त्याच लांब, ताणलेल्या सुरात म्हटलं, “अल्लाऽऽऽहु अकबर.”

बाबांचे हात सुटले. त्यांनी एका झटक्यात इंजिन बंद केलं, चाक फिरवलं. अगदी सुरेख फिरवलं. फक्त तोवर तिवरं आली होती. लाँच चिखलात मऊपणे शिरली आणि थांबली. फ्रिजनं समोर वाकून नमस्कार केला. अंडी फुटली नाहीत.

सगळे आमच्याकडे बघत होते. कासमचाचांनी एक क्षणही जाऊ दिला नाही. केबिनच्या दारात उभं राहून दोन्ही हात वर उचलले आणि मोठ्यानं दुआ सुरू केली: परीक्षेला चाललेल्या या लेकरांना यश दे, चढत्या पाण्याला नरम कर. कुरणखोलची सगळी माणसं लगेच म्हणाली, “आमीन.” परीक्षेच्या मुली म्हणाल्या, “आमीन.” मास्तरीणबाईंनी हात जोडले. अंडीवाल्यानंही काहीतरी पुटपुटलं. अपघाताची अशी बघता बघता प्रार्थनासभा झाली. भरती चढली, लाँच सुटली, मुली पेपरला पोचल्या.

मी मात्र अजून त्या खांद्यावरच अडकलो होतो. लाँच वळत नाही हे मला कळायच्या आधी कासमचाचा उठले होते. आणि काय करायचं ते त्यांना पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी मी फजरला बांगेआधी मशिदीत होतो. लोकांनी घड्याळं बघितली. मी सरळ पहिल्या सफेत गेलो, बाबांच्या उजवीकडे.

“ती जागा माझी हाय रे,” कासमचाचा हळूच म्हणाले.

“आजच्या दिवस मी उभा राहतो, चाचा.”

उत्तर बाबांनी दिलं, माझ्याकडे न बघता. “मागं उभा रा.”

मी मागं उभा राहिलो. त्यांच्या बरोब्बर मागं. आणि सजद्यातून डोकं इमामाच्या आधी उचललं. हा गुनाह आहे, मला माहीत आहे, पण मी तसाही असामान्य घाईसाठी निरीक्षणाखाली होतो.

इमामसाहेबांचा ‘अल्लाऽऽऽहु’ सुरू झाला. बाबा उठू लागले आणि मध्येच थांबले, गुडघ्यावर. कासमचाचांचं कोपर त्यांच्या काखेखाली गेलं. डावीकडे उभ्या असलेल्या रज्जाकचाचांचा तळवा पाठीला लागला. आणि सफेतलं दुसरं कुणीही उठलं नाही. डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत सगळी सफ गुडघ्यावर थांबून राहिली. बाबांचा पाय सुटला. मग सगळे एकदम उठले, जणू हाच वेग शेकडो वर्षांपासून ठरलेला आहे. तेव्हा कुठं ‘अकबर’ संपला.

गालिचा माणसाची तुलना शेजाऱ्यांशी करतो. शेजारी बाबांच्या वेगानं चालत होते. म्हणून बाबा उत्तम होते आणि दोष फक्त माझ्यात होता.

नमाज झाल्यावर मी त्यांना धक्क्यावर गाठलं.

“कधीपासून?”

“मागल्या रमजानच्या आधीपासून.” त्यांनी ‘काय कधीपासून’ असं विचारायची तसदीसुद्धा घेतली नाही.

“कासमचाचांना तुम्ही सांगितलंत?”

“मी कोनाला सांगितलं नाय. बाजूला उभा राहणाऱ्याला कल्ला.”

“आणि इमामसाहेबांना?”

“कासमनी सांगितलं.”

“आईला?”

“तिला सगळ्यांच्या आधी.”

“म्हणजे आख्ख्या गावाला ठाऊक होतं. मी सोडून.”

“अंडीवाल्याला पण नव्हतं,” बाबा म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून.

“तुम्ही माझ्याकडून खोटा नियम लिहून घेतलात.”

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “खोटा? मुसीबत आली की पाचही नमाजींत कुनूत. कुठल्या पण मौलवीला विचार. नियम खरा हाय, मुसीबत पण खरी होती. तू विचारलंस काय, कुठली मुसीबत?”

मी विचारलं नव्हतं. चांगलं काम हाय तुझं, एवढं ऐकून मी पळत घरी गेलो होतो.

“मला सांगायचं होतंत, बाबा.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

“डॉक्टरांना सांगितलं असतं.”

“तेच,” बाबा म्हणाले आणि दोर सोडायला वाकले. वाकताना धक्क्याच्या कठड्याला धरलं. आता माझ्यापुढे लपवायचं कारण उरलं नव्हतं.

“पलीकडे माणसं तुमच्या भरवशावर जातात. काल पोरी होत्या लाँचमध्ये.”

“कासम असतो.”

“आणि कासमचाचा आजारी पडले तर?”

ते दोराकडे वळले. त्यांनी त्या दिवशी लाँच काढली नाही, पण मी सांगितलं म्हणून नाही. दोराची गाठ त्यांच्या बोटांना सुटत नव्हती.

मी घाणेकर मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

“गालिच्यानं पहिल्याच आठवड्यात पकडलं होतं,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळ्या गावाबद्दल तो चुकला, एका माणसाबद्दल बरोबर होता. आपण सगळ्यांबरोबर त्यांनाही पुसून टाकलं.”

“पण मशिदीत ते उठायचे, मॅडम. लाँचवर का गोठले?”

“हालचाल आतून सुरू करायची कळ असते ना, ती या आजारात अडकते. पण बाहेरून इशारा मिळाला, एखादा ठेका, हाक, शेजारच्याची हालचाल, की मेंदू दुसऱ्या वाटेनं जातो आणि माणूस सुटतो. मशिदीत इशारे भरपूर. इमामांचा आवाज, दोन्हीकडचे खांदे, एकदम हलणारी रांग. आम्ही रुग्णांना ठेक्यावर चालायला शिकवतो, त्याहून ही व्यवस्था चांगली होती. चाकावर ते एकटे होते.”

“म्हणजे त्या रांगेनं त्यांना बरं ठेवलं?”

“चालतं ठेवलं. हे खरं. औषधाचं वर्ष गेलं, हेही खरं. औषधानं आजार थांबला नसता, पण ते वर्ष त्यांना सोपं गेलं असतं. त्या रांगेला मी नावं ठेवणार नाही, मुबश्शिर. तिच्याबरोबर औषध हवं होतं, इतकंच.”

मी चार वेळांची दुरुस्ती मागं घेतली. फजरची ठेवली. ती आता किनाऱ्यावरच्या सगळ्या शाफई मशिदींत वापरतात आणि विज्ञानाला माझं तेवढंच योगदान आहे. बाबांचा दाखला रद्द झाला. केबिनमधली फ्रेम त्यांनी स्वतः उतरवली. काच आईला दिली, पापड वाळवताना उपयोगी पडेल म्हणून. लाँचला पलीकडच्या गावचा तांडेल मिळाला. तो धक्क्याला व्यवस्थित लावतो आणि दुआ मागत नाही.

गावानं मला काही म्हटलं नाही. सलाम घेतात, चहा देतात. निरीक्षणाखाली ये, असं आता कुणी म्हणत नाही. मी फजरला लवकर जाऊ लागलोय. पहिल्या सफेत मला जागाही मिळते, कुठंही. फक्त एक सोडून.

परवाची गोष्ट. बाबा असरला निघाले आणि घराच्या उंबऱ्यावर गोठले. एक पाय आत, एक अधांतरी. आई स्वयंपाकघरात होती. मी धावलो. त्यांच्या उजवीकडे उभा राहिलो, खांद्याला खांदा टेकवला आणि म्हटलं, “अल्लाहु अकबर.”

काही झालं नाही.

“ओढून म्हण,” आई आतून म्हणाली.

मी ओढून म्हटलं. इमामसाहेबांसारखं, कासमचाचांसारखं, जितकं येतं तितकं ओढून म्हटलं. बाबांची नजर समोरच होती. त्यांच्या खांद्याचा भार माझ्याकडे यायला हवा होता. आला नाही. ते माझ्यावर टेकलेच नाहीत.

गल्लीतून कासमचाचांची हाक आली. त्यांनी फाटकातूनच, चप्पल घासत, ते दोन शब्द म्हटले. बाबांचा पाय उंबऱ्यापलीकडे पडला आणि दोघं मशिदीकडे चालू लागले, एका लयीत. मी माझ्या चपला शोधत होतो. नेहमीप्रमाणे मला उशीर झाला.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहिला. तो असा:

प्रति,
मा. प्रमुख, तोल प्रकल्प.

विषय: कुरणखोल मशिदीच्या गालिच्यावरील नोंदींत दुरुस्ती करण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये विनंती करतो की, मौजे कुरणखोल येथील मशिदीत मागील रमजानपूर्वीपासून आजतागायत, पहिल्या सफेत, श्री. दाऊद मुकादम यांच्या उजव्या बाजूस जो खांदा नोंदला गेला आहे, तो ‘कासम फकी’ यांचा दर्शवण्यात आला आहे. सदर ठिकाणी ‘कासम फकी’ ऐवजी ‘मुबश्शिर दाऊद मुकादम’ असे वाचावे.

सदर कालावधीत अर्जदार शेवटच्या सफेत असल्याची नोंद आपल्याकडे आहे, याची अर्जदारास कल्पना आहे. श्री. फकी यांची याबाबत हरकत नसल्याचे पत्र जोडता आलेले नाही, कारण त्यांची हरकत आहे.

तरी ही दुरुस्ती पूर्वलक्षी प्रभावाने अंमलात आणावी आणि तसे श्री. दाऊद मुकादम यांच्या खांद्यास कळवावे, ही नम्र विनंती.